एफ-५ दाबलं आणि बिल गेलं : सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्याचं वेबवर जाणं

डेस्कटॉपवरचं सगळं काम वेबवर, म्हणजे ब्राउझरमध्ये, होतं का, हा प्रश्न सोलापुरातल्या कारखानदाराला साधारण दोन कारणांनी पडतो. एक म्हणजे संगणक बदलायची वेळ येते. विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुसरं, कारखाना एमआयडीसीत आणि दुकान चाटी गल्लीत, त्यामुळे ‘माल किती शिल्लक?’ एवढं विचारायला दिवसभर फोन चालू राहतात. इथे नमुना म्हणून धरलेल्या कारखान्यात दोन्ही कारणं एकदम आली.

कारखाना अक्कलकोट रोडवरचा, मध्यम आकाराचा. मुख्य माल टेरी टॉवेल, जोडीला थोड्या जॅकार्ड (मागावरच नक्षी विणलेल्या) चादरी. ऑफिसात चार संगणक, पॅकिंगला एक, दुकानात एक. बिलिंगचा प्रोग्राम व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेला. त्याचा डेटा अ‍ॅक्सेसच्या एका एमडीबी फाइलमध्ये आणि ती फाइल सगळ्यांना दिसणाऱ्या फोल्डरमध्ये. अशा फाइलची कमाल मर्यादा २ जीबी. पण मर्यादा गाठण्याच्या आधीच ती बिघडते, कारण चौघं एकाच वेळी लिहीत असताना एका संगणकाची वीज गेली की फाइलचं पान अर्धवट राहतं. मग सगळ्यांना बाहेर काढायचं, ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ चालवायचं आणि शेवटची दोन-तीन बिलं हाताने तपासायची.

वेबवर न्यायची कामं सहा होती : ऑर्डर आणि बिल, गाठीचं वजन, बारकोड लेबल, डॉट मॅट्रिक्सवरचं चलन, जॅकार्डचं डिझाइन आणि टॅलीतले हिशेब. सुरुवातीला सगळ्यांना काळजी होती ती वेगाची, पण वेगाचा प्रश्न आता तसा उरलेला नाही. वेबअसेम्ब्ली (सी-प्लस-प्लससारखा कोड ब्राउझरमध्ये वेगाने चालवायची सोय) २०१७ मध्ये चारही प्रमुख ब्राउझरमध्ये आलं, २०१९ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेचं अधिकृत मानक झालं. ऑटोकॅडने आपला कित्येक वर्षांचा सी-प्लस-प्लस कोड त्याच वाटेने २०१८ मध्ये वेबवर आणला, फोटोशॉपची वेब आवृत्ती २०२३ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. टॉवेलचं बिल म्हणजे त्यापुढे किस झाड की पत्ती. घोडं अडलं ते कडेला : कळफलक, काटा, प्रिंटर, फोल्डर आणि डोंगल (संगणकाला लावायची सॉफ्टवेअरची चावी) इथे.

मुनीमजींची बोटं

मुनीमजी स्क्रीनकडे पाहत नाहीत. नजर कच्च्या चिठ्ठीवर, डावा हात एफच्या किल्ल्यांवर, उजवा आकड्यांच्या पॅडवर. जुना प्रोग्राम लिहिणाऱ्याने शहाणपणाने सगळ्या किल्ल्या टॅलीसारख्याच ठेवल्या होत्या : एफ-२ ला तारीख, एफ-५ ला पेमेंट, एफ-८ ला विक्री, कंट्रोल-ए ला ‘मंजूर’, आणि एंटर म्हणजे पुढचा रकाना.

ब्राउझरमध्ये यातलं बहुतेक उलटं आहे. एफ-५ म्हणजे पान पुन्हा उघडणं. अकरा ओळी भरलेलं बिल एका क्षणात कोरं. कंट्रोल-ए ने पानावरचं सगळं निळं होतं. एफ-१२ ने प्रोग्रामरची खिडकी उघडते. आणि सर्वांत त्रासाचं म्हणजे एंटर : वेबच्या फॉर्ममध्ये एंटर म्हणजे ‘पाठवा’. पार्टीचं नाव टाकून एंटर मारला की अर्धवट बिल थेट सर्व्हरवर.

यातलं बरंच दुरुस्त करता येतं. एफ-५, एफ-१२, कंट्रोल-ए, कंट्रोल-एस, कंट्रोल-पी या किल्ल्यांचं ब्राउझरचं मूळ काम पानाच्या कोडमधून थांबवता येतं. साध्या टॅबमध्ये कंट्रोल-एन, कंट्रोल-टी आणि कंट्रोल-डब्ल्यू मात्र थांबत नाहीत. त्या ब्राउझरने स्वतःकडे राखून ठेवल्या आहेत, नाहीतर एखादं लबाड पान स्वतःला बंदच होऊ देणार नाही. म्हणून ‘नवीन बिल’ला कंट्रोल-एन देण्याचा मोह टाळायचा. एंटरसाठी प्रत्येक रकान्यावर वेगळा कोड लिहू नये. संपूर्ण फॉर्मवर एकच हाताळणी ठेवावी : एंटर आला की पुढच्या रकान्यावर जा, आणि शेवटच्या रकान्यावर असेल तरच मंजुरी विचार.

याशिवाय प्रत्येक ओळ पूर्ण झाली की मसुदा ब्राउझरच्याच साठ्यात, इंडेक्स्ड-डीबीमध्ये, लिहायचा. मग पान उडालं तरी बिल उडत नाही. हे एक काम पहिल्या दिवशी केलं असतं तर मुनीमजींचा विश्वास परत मिळवायला जे तीन आठवडे लागले ते लागले नसते. वापरणाऱ्याच्या बोटांना वीस वर्षांची सवय असेल, तर तीच प्रोग्रामची खरी विनिर्देशिका (स्पेसिफिकेशन).

काटा, आणि मागच्या गाठीचं वजन

हिशेब आधी पाहू. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा टॉवेल म्हणजे १.१२५ चौरस मीटर. ४५० जीएसएमचा (चौरस मीटरला ४५० ग्रॅमचा) माल असेल तर एक नग ५०६ ग्रॅमचा, डझन ६.०७५ किलोचं, दहा डझनांची गाठ ६०.७५ किलोची, वर वेष्टणाचं वजन वेगळं. गाठीत एक टॉवेल कमी पडला तर अर्ध्या किलोचा फरक दिसतो, म्हणून वजन हीच नगांची तपासणी. (सुताचं ओलाव्याचं प्रमाणित प्रमाण ८.५ टक्के धरतात. एप्रिलातल्या सोलापूरच्या कोरड्या हवेत आणि श्रावणात एकच गाठ सारखी भरत नाही, तेव्हा सूट ठेवताना महिना पाहायचा.)

वजनाचा काटा आरएस-२३२ चा (जुन्या सीरियल जोडणीचा), ९६०० बॉड वेगाचा. मध्ये यूएसबी कन्व्हर्टर. डेस्कटॉप क्रोम आणि एजमध्ये २०२१ पासून वेब सीरियल आहे, म्हणजे पान थेट काट्याशी बोलू शकतं. पण पहिल्याच दिवशी ते ‘उपलब्ध नाही’ असं आलं. कारण असं की सर्व्हर ऑफिसातच ठेवला होता आणि पान साध्या एचटीटीपीने (सुरक्षित नसलेल्या जोडणीने), १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या कारखान्यातल्या खासगी पत्त्यावर उघडत होतं. वेब सीरियल, सर्व्हिस वर्कर (नेट नसताना पान चालू ठेवणारा भाग) ही सगळी मंडळी फक्त एचटीटीपीएसवर चालतात. अपवाद एकच, लोकलहोस्ट, म्हणजे पान ज्या संगणकावर आहे तोच संगणक. म्हणून प्रोग्रामरच्या संगणकावर सगळं सुरळीत आणि पॅकिंगमध्ये बंद. या एका गोष्टीत लोक अख्खा दिवस घालवतात, काट्याच्या वायरी बदलत बसतात.

उपाय : एक खरं डोमेन घ्यायचं, त्याच्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या नोंदीत) कारखान्यातला खासगी पत्ता द्यायचा, आणि लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं एचटीटीपीएससाठीचं प्रमाणपत्र डीएनएसच्या पडताळणीने मिळवायचं. त्यासाठी सर्व्हर बाहेरून दिसावा लागत नाही. प्रमाणपत्राची मुदत ९० दिवस, तेव्हा नूतनीकरण आपोआप होईल असं लावायचं. हाताने करायचं ठरवलं तर ते नेमकं दिवाळीच्या घाईत संपतं.

त्यानंतर दुसरी अडचण. सीरियलवरचा मजकूर ओळीओळीने येत नाही, तुकड्यांनी येतो. ‘६०.’ एका तुकड्यात आणि ‘७५’ दुसऱ्यात. ओळीचा शेवट दिसेपर्यंत साठवायचं आणि मगच आकडा वाचायचा, नाहीतर ६० किलो आणि ७५ किलो अशा दोन गाठी तयार होतात.

तिसरी अडचण सर्वांत महागाची. पहिल्या आवृत्तीत काट्याचं वजन दर २०० मिलिसेकंदांनी टायमर लावून पानावर आणलं होतं. पॅकिंगवाल्याने दुसरी टॅब उघडली की मागच्या टॅबमधला टायमर क्रोम सेकंदाला एकदावर आणतं, आणि पाच मिनिटं टॅब मागेच राहिली तर मिनिटाला एकदावर. परत येऊन त्याने लगेच ‘सेव्ह’ दाबलं, तेव्हा पानावर आधीच्या गाठीचं वजन उभं होतं. लेबल छापलं, गाठ गेली. दुरुस्ती अशी केली : टायमर काढून टाकला, काट्याकडून ओळ आली की तेव्हाच वाचायची; प्रत्येक वजनाला वेळेचा शिक्का; शिक्का दोन सेकंदांपेक्षा जुना असेल तर ‘सेव्ह’चं बटण बंद; आणि दोन गाठींच्या मध्ये काटा शून्यावर आलेला दिसलाच पाहिजे. हा शेवटचा नियम जुन्या डेस्कटॉप प्रोग्राममध्येही नव्हता, आणि तिथेही असायला हवा होता.

कन्व्हर्टरबद्दल एक बारीक गोष्ट. स्वस्त कन्व्हर्टरला स्वतःचा अनुक्रमांक नसतो, विंडोज त्याला यूएसबीच्या सॉकेटवरून ओळखतं. झाडलोट करताना वायर निघाली आणि शेजारच्या भोकात लावली, की ब्राउझर परवानगी पुन्हा विचारतो. सॉकेटवर लाल रंगाचा ठिपका मारला, प्रश्न मिटला.

लेबल आणि चलन

इथे वेब हरलं, आणि ते मान्य करून पुढे जाणं स्वस्त पडलं.

थर्मल लेबल प्रिंटर २०३ डीपीआयचा, म्हणजे मिलिमीटरला ८ ठिपके. बारकोडाची सर्वांत बारीक रेघ दोन ठिपक्यांची, पाव मिलिमीटरची. ब्राउझरच्या छपाईच्या खिडकीत ‘पानात बसवा’ चालू राहिलं आणि पान ९७ टक्क्यांवर आलं, तर दोन ठिपक्यांचे १.९४ होतात. प्रिंटरला अर्धा ठिपका छापता येत नाही, त्यामुळे काही रेघा दोनच्या राहतात, काही एकच्या होतात. डोळ्याला लेबल झकास दिसतं, स्कॅनर मात्र ढिम्म हलत नाही.

वेब-यूएसबीने प्रिंटरला थेट आज्ञा पाठवून पाहिल्या. विंडोजवर प्रिंटरचा नेहमीचा ड्रायव्हर उपकरण धरून बसलेला असतो, त्यामुळे ब्राउझरला ते उघडता येत नाही. तो ड्रायव्हर काढून विनयूएसबी हा सर्वसाधारण ड्रायव्हर बसवला तर ब्राउझरला प्रिंटर मिळतो, पण बाकीच्या सगळ्या प्रोग्रामांना तो दिसेनासा होतो. नेटवर्कवरच्या प्रिंटरचं ९१०० पोर्टही (थेट आज्ञा घेणारं दार) पानाच्या आवाक्याबाहेर; ब्राउझर कच्चं टीसीपी जोडणं करूच देत नाही.

शेवटी पॅकिंगच्या आणि दुकानाच्या संगणकावर एक छोटा मदतनीस प्रोग्राम बसवला. तो १२७.०.०.१ वर (त्या संगणकाच्या स्वतःच्याच पत्त्यावर) ऐकतो आणि पानाकडून आलेले बाइट जसेच्या तसे प्रिंटरच्या रांगेत टाकतो. लेबलाची आज्ञा प्रिंटरच्याच भाषेत जाते : आकार, दोन लेबलांमधली फट, बारकोड, किती प्रती. ठिपका न ठिपका जागेवर. दोन काळज्या घ्याव्या लागतात. विनंती कोणत्या पत्त्यावरच्या पानाकडून आली हे मदतनीसाने तपासलंच पाहिजे, नाहीतर उघडलेली कुठलीही साइट तुमच्या प्रिंटरवर कागद सोडू शकते. आणि अलीकडचं क्रोम अशा स्थानिक जोडणीसाठी परवानगी विचारतं. ती एकदा ‘नको’ म्हणून दाबली गेली तर छपाई मुकाट्याने बंद पडते, प्रिंटर मात्र निर्दोष असतो.

चलन तीन प्रतींचं, कार्बनचं, डॉट मॅट्रिक्सवर. ब्राउझर ते चित्र म्हणून पाठवतो, मग प्रिंटरचं डोकं एकाच ओळीवरून पुन्हापुन्हा फिरतं आणि टेम्पोवाला दारात हॉर्न वाजवत राहतो. तोच मजकूर मदतनीसामार्फत साध्या अक्षरांत पाठवला की चलन पूर्वीच्याच वेगाने निघतं. तोटा एवढाच, की साध्या मॉडेलच्या प्रिंटरमध्ये देवनागरी अक्षरं भरलेली नसतात, त्यामुळे पार्टीचं नाव इंग्रजीतच राहिलं. ते आधीही इंग्रजीतच होतं.

मग सगळंच इलेक्ट्रॉनमध्ये (वेबच्या कोडपासून डेस्कटॉप प्रोग्राम बनवणाऱ्या साधनात) का नाही बांधलं? त्यात ब्राउझरचं इंजिन आणि नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) दोन्ही बरोबर येतात, काटा-प्रिंटर सगळं हाताशी असतं. व्हीएस कोडसारखा प्रोग्राम तसाच बनला आहे. पण उपकरणं दोनच संगणकांना लागत होती आणि मालकांना स्टॉक मोबाइलवर हवा होता. सहा ठिकाणी मोठा प्रोग्राम बसवून अद्ययावत ठेवण्यापेक्षा दोन ठिकाणचा छोटा मदतनीस परवडला. उपकरणं सगळ्याच टेबलांवर असती तर निर्णय उलटा झाला असता.

मयूरपंखाचा डोळा

डिझाइन विभागात एकच संगणक, विंडोज ७ चा, जॅकार्डचं सॉफ्टवेअर डोंगलवर चालणारं. इथेच ‘वेबला जमेल का’ हा प्रश्न खऱ्या अर्थाने लागू होतो.

जॅकार्डच्या डिझाइनमध्ये एक आडवा पिक्सेल म्हणजे एक हुक (ताण्याचे उभे धागे उचलणारा) आणि एक उभी पायरी म्हणजे एक पिक (बाण्याचा एक आडवा धागा). ९० इंची चादर, इंचाला ४० पिक, म्हणजे ३६०० ओळी, हुक २६८८. एकूण ९६ लाख ७६ हजार ८०० पिक्सेल. रंगांच्या तक्त्यातला क्रमांक ठेवला तर पिक्सेलला एक बाइट, फाइल साधारण ९.७ एमबीची. ब्राउझरचा कॅनव्हास (पानावरची चित्र काढायची जागा) मात्र प्रत्येक पिक्सेलला चार बाइट घेतो, म्हणजे ३८.७ एमबी. ‘मागे घ्या’साठी वीस पूर्ण प्रती ठेवल्या तर ७७४ एमबी. शिकाऊ प्रोग्रामर इथेच म्हणतो की वेबला हे झेपत नाही. ६४ बाय ६४ चे तुकडे पाडून फक्त बदललेला तुकडा ठेवला, तर एका तुकड्याला ४०९६ बाइट लागतात आणि प्रश्न नाहीसा होतो.

खरा दगा कॅनव्हासच्या सौजन्याने होतो. मयूरपंखाच्या डोळ्याची गोलाई कॅनव्हासच्या तयार आज्ञेने काढली, की तो कड गुळगुळीत दिसावी म्हणून दोन रंगांच्या मधल्या छटा स्वतःच भरतो. पडद्यावर सुरेख. पण चार रंगांच्या डिझाइनमध्ये आता डझनावारी रंग झाले, आणि त्यातल्या कुठल्याच छटेला वीण नेमलेली नाही. ‘इथे हुक उचलायचा की नाही?’ याला फाइलीत उत्तरच नाही. चित्र मोठं-लहान करताना होणारं गुळगुळीकरण एका सेटिंगने बंद होतं. रेघा आणि वक्रांचं होत नाही. त्यामुळे रेघ काढण्याचं काम कॅनव्हासकडे द्यायचंच नाही. रंगक्रमांकांच्या ओळीवर आपण स्वतः, १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रेसनहॅमच्या रीतीने, ठिपके भरायचे आणि कॅनव्हास फक्त दाखवण्यापुरता ठेवायचा.

कॅनव्हासवरून पिक्सेल परत वाचायचेही नाहीत. पारदर्शकता असलेले रंग साठवताना तो गुणाकार करून ठेवतो आणि परत देताना आकडा एक-दोनने सरकू शकतो. शिवाय खासगीपणा जपणारे काही ब्राउझर वाचलेल्या पिक्सेलमध्ये मुद्दाम किंचित गोंधळ मिसळतात, म्हणजे साइटला वापरणाऱ्याची ओळख पटू नये. छायाचित्रात तो कुणाला कळणार नाही. चादरीत एक चुकलेला पिक्सेल म्हणजे चुकीचा उचललेला एक हुक, आणि डिझाइन जितक्या वेळा विणलं जाईल तितक्या वेळा तोच दोष.

आणखी एक : ६० इंच रुंदीत २६८८ हुक म्हणजे इंचाला ४४.८, पण पिक ४०. पडद्यावर चौकोनी पिक्सेलांत गोल दिसणारं फूल कापडावर १२ टक्के उंच निघतं. डिझाइन मास्तरांना हे तोंडपाठ असतं. पाहण्याचं पान लिहिणाऱ्याला सांगावं लागलं.

हे सगळं वेबवर होऊ शकतं, कोणताही भाग अशक्य नाही. पण विणींचा संग्रह, कार्डाचे आराखडे, प्रत्येक कंट्रोलरचा (माग चालवणाऱ्या यंत्राचा) फाइल-प्रकार हे पुन्हा लिहायला जो खर्च येतो तो एका कारखान्याने का करावा? म्हणून काढण्याचं काम जुन्या सॉफ्टवेअरवरच राहिलं. वेबवर आलं ते पाहणं, शेरे देणं आणि मंजुरी. तिथून मंजूर फाइल घेतानाही एक अडचण आलीच : त्याच नावाची फाइल डाउनलोडमध्ये आधीच असेल तर ब्राउझर नव्या फाइलच्या नावापुढे कंसात १ लावतो, आणि जुन्या कंट्रोलरला आठ अक्षरांपलीकडचं नाव चालत नाही. क्रोममध्ये २०२० पासून पान थेट निवडलेल्या फोल्डरमध्ये, ठरलेल्या नावाने लिहू शकतं, ते वापरलं.

नेट गेल्यावर

नेट नसताना डेस्कटॉप चालतं हा युक्तिवाद आता अर्धाच खरा आहे. पाच कोटींवरच्या उलाढालीला ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस लागतं, राज्याबाहेर जाणाऱ्या पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल. दोन्हींना नेट हवंच, बिल कशावरही करा.

कारखान्यात सर्व्हर ऑफिसातच असल्याने नेट गेलं तरी बिलिंग चालू राहतं. प्रश्न दुकानाचा होता. दुकानाने नेटशिवाय बिलं केली आणि तेवढ्यात कारखान्यानेही केली तर क्रमांक एकमेकांवर आदळणार. जीएसटीचा नियम ४६ सांगतो की बिल क्रमांक सलग, आर्थिक वर्षात एकमेव आणि १६ अक्षरांच्या आत हवा. पण तो एकापेक्षा जास्त मालिका ठेवू देतो. म्हणून कारखान्याची मालिका वेगळी, दुकानाची वेगळी, आणि दुकानाच्या मालिकेचा क्रमांक फक्त दुकानाचा संगणकच देतो. मालिका वर्षाच्या मध्ये बदलायला नको म्हणून गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीत नवं सुरू केलं, मार्चअखेरपर्यंत दोन्ही बाजूबाजूला चालवलं आणि १ एप्रिलला जुनं बंद केलं.

दुकानातला फटका वेगळ्याच बाजूने बसला. संगणक ‘स्लो’ झाला म्हणून दुरुस्तीवाल्याने सफाईचा प्रोग्राम चालवला, त्यात ब्राउझरचा साठा पुसला गेला आणि सर्व्हरला न पोचलेली बिलं त्यात होती. साठा ‘कायमचा’ ठेवण्याची विनंती ब्राउझरला करता येते. ती केली की जागा कमी पडल्यावर ब्राउझर स्वतः पुसत नाही. माणसाने पुसलं तर मात्र ती उपयोगाची नाही. डेस्कटॉपवर डी ड्राइव्हमधल्या फोल्डरला दुरुस्तीवाला विचारल्याशिवाय हात लावत नाही, ब्राउझरच्या साठ्याला तो मान अजून नाही. आता न पोचलेल्या बिलांची संख्या पानाच्या माथ्यावर लाल अक्षरांत दिसते आणि प्रत्येक बिलाची प्रत मदतनीस प्रोग्राम डी ड्राइव्हवर टाकतो.

टॅली हलवलंच नाही. ती पोर्ट ९००० वर एक्सएमएल घेते. रात्री सर्व्हर दिवसभराची बिलं तिथे पाठवतो, सकाळी मुनीमजी जुळवतात. ब्राउझरला यात आणलं नाही, कारण एचटीटीपीएसच्या पानाला ऑफिसातल्या दुसऱ्या संगणकावरच्या साध्या एचटीटीपी पत्त्याशी एरवी बोलता येत नाही.

विंडोज ७ चा डिझाइनचा संगणक नेटवर्कवरून काढला आहे. त्याच्या डिस्कची संपूर्ण प्रत दोन ठिकाणी आहे, डोंगल चिकटपट्टीने मागच्या सॉकेटला पक्का केला आहे, आणि त्याच मदरबोर्डचा एक जुना संगणक सुटे भाग म्हणून कपाटात ठेवला आहे. डोंगल मात्र एकच आहे, आणि त्याची प्रत निघत नाही.